घरी बांधलेला संच : हौशी रेडिओतील एका सवयीचा चढउतार

१/
हौशी रेडिओच्या, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींच्या जगात एक तक्रार पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. पूर्वीचे हॅम आपला संच स्वतः बांधत. आताचे तो विकत आणतात, अँटेना जोडतात आणि बोलू लागतात. पूर्वीचे कष्टाळू, आताचे आळशी. हा धागा त्या तक्रारीची तपासणी करण्यासाठी लिहिते आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : घरी संच बांधण्याचे प्रमाण वाढले किंवा घटले, त्याचे श्रेय वा दोष माणसांच्या वृत्तीकडे फार थोडा जातो. बाजारात काय मिळत होते, सरकार काय करू देत होते आणि आवाज लहरींवर चढवण्याची रीत कोणती होती, या तीन गोष्टींनी बहुतेक निकाल लावला.

२/
नवख्या वाचकांसाठी थोडक्यात. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना आणि स्वतःचे संकेतनाम मिळवलेली व्यक्ती. तिने रेडिओ लहरींवरून अन्य हॅमांशी बोलावे, पण त्यातून पैसे कमवू नयेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत या सेवेची जी व्याख्या आहे, तिच्यात परस्पर संपर्काबरोबरच स्वयंशिक्षण आणि तांत्रिक अन्वेषण हे दोन हेतू स्पष्ट नोंदवले आहेत. त्यामुळे ‘संच स्वतः बांधावा की नाही’ हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. लहरींचे मौल्यवान पट्टे हौशी लोकांसाठी का राखून ठेवायचे, या प्रश्नाशी तो थेट जोडलेला आहे.

३/
आरंभ अमेरिकेत. १९१२ पर्यंत तिथे हौशी प्रक्षेपणाला परवाना लागत नसे, आणि दुकानात तयार संचही फारसे मिळत नसत. मुले फोर्ड मोटारीचे इग्निशन कॉइल काढून त्यातून ठिणगी पाडत आणि त्या ठिणगीच्या जोरावर मोर्सचे संदेश पाठवत. ओटच्या पिठाचे गोल पुठ्ठ्याचे डबे कॉइल गुंडाळण्यास उत्तम. क्वेकर कंपनीच्या डब्यांना त्यामुळे इतिहासात जागा मिळाली. ग्राही संचात गॅलेना या खनिजाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार. घरी बांधण्याचे कौतुक करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दुसरा मार्गच नव्हता.

४/
१९१२ च्या रेडिओ कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकलले आणि शक्तीवर १ किलोवॅटची मर्यादा घातली. त्या काळच्या समजुतीनुसार आखूड लहरी निरुपयोगी होत्या. थोडक्यात, गावाबाहेरची पडीक जमीन वाट्याला आली.

५/
याच काळातील एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १९१४ चा एप्रिल. कनेटिकटमधील हार्टफर्डचे हायरम पर्सी मॅक्सिम यांना ऑडिऑन ही निर्वात नलिका हवी होती. ती स्प्रिंगफील्डच्या एका हौशी गृहस्थाकडे विकाऊ असल्याचे कळले. अंतर सुमारे ३० मैल. मॅक्सिम यांचा संच एका किलोवॅटचा, तरी संदेश पोहोचेना. शेवटी मधल्या विंडसर लॉक्स गावातील एकाने तो पुढे सरकवला. त्यातून त्यांना कल्पना सुचली की हौशी केंद्रांची साखळी बांधावी. आणि त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन झाली. आज जगातील सर्वांत मोठ्या हॅम संघटनांत गणली जाणारी ही संस्था एका सुट्या भागाच्या शोधातून जन्मली.

६/
त्या ‘पडीक’ आखूड लहरींचे काय झाले? डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून बसले आणि अटलांटिकपलीकडून आलेले हौशी संदेश त्यांनी ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑन दलॉय आणि अमेरिकेचे श्नेल व राइनार्ट्झ यांच्यात सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संभाषण झाले. तज्ज्ञांनी टाकून दिलेला पट्टा महासागर ओलांडतो हे घरगुती प्रक्षेपकांनी दाखवून दिले. तक्रारकर्ते ज्या सुवर्णयुगाचा हवाला देतात ते हेच. ते खरे होते, यात शंका नाही.

७/
मात्र १९३० च्या दशकातच चित्र बदलू लागले होते, आणि हे सहसा सांगितले जात नाही. हॅलिक्राफ्टर्स, हॅमरलंड, नॅशनल या कंपन्यांचे तयार ग्राही संच बाजारात आले. नॅशनलचा एचआरओ १९३५ च्या सुमाराचा. चांगला ग्राही बांधणे कठीण, प्रक्षेपक बांधणे तुलनेने सोपे. म्हणून ज्याला परवडे तो ग्राही विकत घेई आणि प्रक्षेपक स्वतः बांधी. महामंदीच्या त्याच वर्षांत अमेरिकेतील परवानाधारकांची संख्या दुपटीहून अधिक झाली. तेव्हाही घरी बांधण्यामागे तत्त्वनिष्ठेपेक्षा खिसाच अधिक बोलत होता.

८/
आता मुंबईकडे येऊ. भारतातही प्रसारणाची सुरुवात हौशी मंडळींनीच केली. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केला तेव्हा सरकारी आकाशवाणी अस्तित्वातच नव्हती. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हौशी परवानाधारकांना आपली प्रक्षेपण सामग्री सरकारजमा करण्याचे आदेश निघाले. संच जप्त करता येतो. पण तो बांधण्याचे ज्ञान कसे जप्त करणार?

९/
ही अडचण ब्रिटिश सरकारला १९४२ मध्ये जाणवली. ‘चले जाव’नंतर नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. अशा वेळी उषा मेहता (वय अवघे २२), विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदींनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. ऑगस्टअखेर तो ४२.३४ मीटरवर ऐकू येऊ लागला. प्रक्षेपक बांधून दिला तो नरिमन प्रिंटर या मुंबईच्या तंत्रज्ञाने, जो युद्धापूर्वी हौशी परवानाधारक होता. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्यावर साहित्य पुरवल्याचा आरोप ठेवला गेला. ते पुढे निर्दोष सुटले.

१०/
केंद्राचा पत्ता सतत बदलावा लागे. चौपाटीपासून महालक्ष्मीपर्यंत जागा पालटल्या, कारण पोलिसांची दिशाशोधक वाहने लहरीचा माग काढत फिरत होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. पोलिसांना सुगावा तंत्रज्ञाकडूनच लागला, असे उषाताईंनी नंतर सांगितले. त्यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. हा प्रसंग आपण देशभक्तीची कथा म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्याला आणखी एक अर्थ आहे. दुकानातून आणलेल्या संचाचा माग पावतीवरून काढता येतो. सुट्या भागांतून घरी जुळवलेल्या संचाची पावती नसते. सरकारे हौशी रेडिओकडे संशयाने का पाहत आली, याचे एक कारण इथे सापडते.

११/
युद्ध संपले आणि पाश्चात्त्य देशांत अनपेक्षित घडले. लष्कराने लाखो रुपयांचे संच भंगाराच्या भावात विकायला काढले. विमानांतील कमांड सेट, बीसी-३४८ सारखे ग्राही मातीमोल किमतीत मिळू लागले. हॅम ते घरी आणून खोलत, कापत, वीजपुरवठा बदलत आणि आपल्या पट्ट्यावर आणत. याला बांधणी म्हणावे की डागडुजी? माझ्या मते ही वेगळीच तिसरी रीत होती. आणि एका पिढीने इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते बरेचसे दुसऱ्याने बांधलेले उसवून.

१२/
त्याच भंगारातून हीथकिट उभी राहिली. विमानांचे किट विकणाऱ्या जुन्या हीथ कंपनीने १९४७ मध्ये युद्धातील उरलेले भाग वापरून ऑसिलोस्कोपचे किट काढले. पाठोपाठ प्रक्षेपक, ग्राही, सगळेच आले. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक तारेला एक पायरी आणि प्रत्येक पायरीपुढे खूण करायची रिकामी जागा. ज्याला ओहमचा नियमही नीट ठाऊक नाही, त्याचा संचही चालू होई. जुन्यांनी नाके मुरडली : हा तर रंग भरायच्या चित्रांचा प्रकार. ‘आताच्यांना आयते हवे’ ही तक्रार १९५० च्या दशकात किटविषयी होती, हे ध्यानात ठेवावे. आज तीच किटे जुन्या परिश्रमांची खूण म्हणून कपाटात मिरवतात.

१३/
घरबांधणीला खरे धक्के दोन बसले. पहिला शेजारच्या घरातून आला. १९५० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी आली. हौशी प्रक्षेपकातून मूळ लहरीबरोबर तिच्या पटीतील लहरीही थोड्या गळतात. २८ मेगाहर्ट्झची दुप्पट ५६, आणि अमेरिकेतील चॅनल २ नेमके ५४ ते ६० मेगाहर्ट्झवर! शेजाऱ्यांचा आवडता कार्यक्रम चालू असताना पडद्यावर रेघा उमटत आणि दारावर थाप पडे. उघड्या लाकडी फळीवर मांडलेला प्रक्षेपक आता चालेना. धातूचे बंदिस्त कवच, गाळण्या, तारांची काटेकोर मांडणी हवी. कारखान्याला हे सोपे, स्वयंपाकघरातील टेबलावर अवघड.

१४/
दुसरा धक्का अधिक खोल होता : सिंगल साइडबँड. हे जरा समजावून सांगते, कारण सगळ्या कथेची कळ इथे आहे.

जुन्या एएम पद्धतीत आवाज एका वाहक लहरीवर चढवतात. तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाचे दोन पट्टे तयार होतात, एकमेकांची प्रतिबिंबे. आवाज पूर्ण जोरात असतानाही दोन तृतीयांश शक्ती वाहक लहरच खाते, आणि तिच्यात माहिती काहीच नसते. मग वाहक काढून टाकावी, एक पट्टाही काढावा, उरलेल्या एकातच सारी शक्ती घालावी. तोच संच कितीतरी दूर ऐकू जातो आणि जागाही निम्मीच लागते.

१५/
पण किंमत मोजावी लागते. शेजारी-शेजारी असलेल्या दोन पट्ट्यांतील एकच निवडायला अत्यंत धारदार गाळणी हवी, म्हणजे बारकाईने जुळवलेले अनेक क्वार्ट्झ स्फटिक किंवा यांत्रिक फिल्टर. शिवाय वाहक पाठवलेलीच नसल्याने ऐकणाऱ्याला ती आपल्याकडे पुन्हा निर्माण करावी लागते. एएममध्ये संच थोडा सरकला तरी कोणाला कळत नसे. इथे शंभरेक हर्ट्झचा फरक पडला की माणसाचा आवाज बदकासारखा येतो. लाखो हर्ट्झच्या कंपनात शंभर हर्ट्झची चूक सांभाळायची, तीही नळ्यांची उष्णता वाढत असताना. कॉलिन्सचे केडब्ल्यूएम-१ (१९५७) आणि त्यापाठोपाठचे संच हे करून दाखवत. घरी ते करणारे विरळा.

१६/
१९७० च्या दशकात याएसूचा एफटी-१०१, केनवुडचा टीएस-५२० असे जपानी संच आले. ग्राही आणि प्रक्षेपक एकाच पेटीत, सिंगल साइडबँडसह. सुटे भाग किरकोळीत घेऊन तसे काही बांधायचे तर खर्च तयार संचापेक्षा जास्त होई. गणितच उलटले. हीथ कंपनी १९७९ मध्ये झेनिथकडे गेली आणि १९९२ मध्ये तिने किट बनवणेच थांबवले. ‘अप्लायन्स ऑपरेटर’ ही शिवी याच काळात रुळली : मिक्सर वापरावा तसा रेडिओ वापरणारा.

१७/
भारतात मात्र घड्याळ वेगळे चालत होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील परवानाधारक शंभराच्याही आत होते. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर निर्बंध, शुल्क भरमसाट. जिथे साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, तिथे जपानी संच हे स्वप्नच. हॅम मंडळींचा आधार म्हणजे लष्कराने निकाली काढलेले संच आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, चोरबाजार यांसारख्या जागा. ८०७ ही नलिका जगभर सभांच्या लाऊडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्येही चाले आणि प्रक्षेपकातही. गरजवंताला अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूच तारतात. अमेरिकेत स्वनिर्मिती मावळत होती त्या दशकांत इथे ती रोजची गोष्ट होती. इथले हॅम तिकडच्यांपेक्षा जात्याच मेहनती होते म्हणून? मला तसे वाटत नाही. त्यांना पर्याय नव्हता, जसा १९१० मध्ये अमेरिकन मुलांना नव्हता.

१८/
याचा पुरावा पुढे मिळतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी हौशी रेडिओ सामग्रीच्या आयात शुल्कात सवलत मिळाली (राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांचे संकेतनाम व्हीयू२आरजी). परवानाधारक वाढले, तयार संचही वाढले. दोन दशकांच्या आत आपल्याकडेही तीच तक्रार ऐकू येऊ लागली.

आणि एक गोष्ट स्मरणरंजनात हरवते : टंचाईच्या काळात जे बांधू शकले त्यांच्याच आठवणी आपण वाचतो. परीक्षा उत्तीर्ण होऊनही भागांअभावी, पैशांअभावी कधीच लहरींवर न आलेल्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. त्या काळाला सुवर्णयुग म्हणताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थबकायला हवे.

१९/
दरम्यान पाश्चात्त्य जगात एक छोटा प्रवाह उलटा वाहू लागला होता. मे १९७६ च्या ‘क्यूएसटी’ मासिकात डग डीमॉ यांनी टूना माशाच्या रिकाम्या डब्यावर बांधलेला दोन ट्रान्झिस्टरचा मोर्स प्रक्षेपक प्रसिद्ध केला. शक्ती अर्ध्या वॅटहूनही कमी. ब्रिटनमध्ये जॉर्ज डॉब्ज या धर्मगुरूंनी १९७४ मध्ये अल्पशक्ती प्रक्षेपणासाठी जी-क्यूआरपी क्लब स्थापला आणि ‘स्प्रॅट’ या छोटेखानी नियतकालिकातून घरी बांधता येतील अशी मंडले सातत्याने छापली. इथे पहिल्यांदाच लोक विकत घेणे शक्य असताना बांधत होते. अटी त्यांनी स्वतःवर घालून घेतल्या : कमी शक्ती, थोडे भाग, बहुधा मोर्स. सिंगल साइडबँडच्या वाटेला जाणारे अजूनही थोडेच.

२०/
ती कोंडी फोडणाऱ्यांत एक नाव हैदराबादचे आहे. २००३ च्या सुमारास अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी बिटएक्स हा १४ मेगाहर्ट्झचा, सुमारे ६ वॅटचा सिंगल साइडबँड संच आखून सर्वांसाठी खुला केला. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळेल तेच वापरायचे, ही अट. महागड्या तयार गाळणीऐवजी १० मेगाहर्ट्झचे स्वस्त स्फटिक शिडीसारखे जोडून घरीच गाळणी. तेच मंडल एका दिशेने ग्राही, उलट दिशेने प्रक्षेपक, म्हणजे निम्मे भाग वाचले. आणि कॉइल गुंडाळण्यासाठी आयात केलेली कडी मिळत नसतील तर? नळाचे वायसर! प्लंबिंगच्या दुकानातील नळाचे वायसर.

२१/
त्या वायसरांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. ओटच्या डब्यापासून नळाच्या वायसरपर्यंत नव्वदेक वर्षे गेली, पण कृती तीच : घरात जे गोल आहे त्यावर तार गुंडाळा. फरक इतकाच की ही आखणी इंटरनेटवरून गेली. जिथे उत्तम भाग टपालाने घरपोच मिळत, अशा देशांतील लोकांनीही ती बांधली, कारण तिच्यात प्रत्येक भाग कशासाठी आहे हे समजत असे. टंचाईसाठी केलेली आखणी शिकण्यासाठीही सोयीची निघाली. भारतीय हौशी रेडिओकडे आयात तंत्रज्ञानाचा ग्राहक म्हणून पाहणाऱ्यांनी ही निर्यात नोंदवून घ्यावी.

२२/
पुढची पायरी मात्र तक्रारकर्त्यांना पुन्हा पेचात टाकते. २०१६ च्या अखेरीस फरहान यांनी बिटएक्स४० काढला : ७ मेगाहर्ट्झचा, पण या वेळी भाग बसवून तयार केलेल्या पाटीच्या रूपात. घेणाऱ्याने पेटी शोधायची, माइक, स्पीकर आणि अँटेनाच्या तारा जोडायच्या, की झाले. पाठोपाठ अनेक पट्ट्यांवर चालणारा मायक्रोबिटएक्स आला. याला घरी बांधलेला म्हणायचे का? काहींनी साफ नाही म्हटले. पण नकाशा खुला, आज्ञावली खुली, पाटीवर हात मारायला मोकळीक. लोकांनी त्यात नव्या गाळण्या घातल्या, पडदे बदलले, संगणक-आज्ञा नव्याने लिहिल्या आणि पहिल्या आवृत्तीच्या चुका शोधून काढल्या. युद्धोत्तर भंगार घरी आणून उसवणारे हॅम आठवा; हे त्यांचेच नातलग वाटतात.

२३/
कुणी विचारील, या पाट्यांवरचे इवलेसे भाग तर यंत्रच बसवते, मग हाताचे काम उरले कुठे? कॉइल मात्र तयार पाटीवरही हातानेच गुंडाळावी लागतात. बिटएक्सच्या पाट्यांवरील कॉइल हैदराबादमधील स्त्रियांचा एक गट गुंडाळत असे, मोजून वेढे घेत, एकेका कड्यावर. नळाचे वायसर तोवर मागे पडले होते. आता फेराइट आणि लोहचूर्णाची रीतसर कडी मिळत होती.